बेडकाच्या पोटावर दुसरा कणा

जन्मभर मी बेडूक शिकवले. इंदूरच्या छत्रीबागेत अजूनही एखादी जुनी ओळखीची भेटली की सोबतच्या बाईला सांगते, "ये वोही, मेंढकवाली बाई." सुरुवातीला राग यायचा. आता मीच रिक्षावाल्याला तसं सांगते, घर लवकर सापडतं.

प्राणिशास्त्राची बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रेमध्ये चारी पाय ताणून टाचण्या मारलेला बेडूक येतो. तोही शिकवला, पोट भरायला तो शिकवावाच लागतो. पण माझा जीव अडकला होता बेडूक होण्याआधीच्या बेडकात. त्यातल्या एका पावसाळ्याची गोष्ट सांगते. नोकरीत पुढे बरंच काही झालं, बढत्या झाल्या, भांडणं झाली, पण मान ताठ करून सांगावं असं हेच.

तेव्हा मध्य भारत नावाचं राज्य होतं. सरकार काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदूरला असायचं, फायली आणि बाबू गाडीत बसून ये-जा करायचे. आमचे हे त्याच सरकारात, पण ग्वाल्हेरला कायम राहणाऱ्या कचेरीत. त्यामुळे छत्रीबागेतल्या घरात तिघंच: मी, माझ्या सासूबाई आणि वर्षाच्या आतला अविनाश. सासूबाईंना सगळी गल्ली जीजी म्हणायची. सासरे होळकरांच्या फौजेत घोडदळात होते, त्या शिस्तीचा निम्मा वाटा जीजींकडे आलेला. मी कॉलेजात शिकवायला जायचे ते त्यांच्या भरवशावर. सून नोकरी करते याबद्दल त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. सून नेमकं काय करते हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या कॉलेजानं प्राणिशास्त्रात एम.एस्सी.चे वर्ग मागितले होते. विद्यापीठाची कमिटी पावसाळ्यात पाहणीला येणार होती. आमचे विभागप्रमुख शुक्लाजी, भला माणूस, पण घाबरट. मला बोलावून म्हणाले, "विमलजी, कमेटी को दिखाने के लिए हमारे पास है क्या? बरनियों में मरे हुए मेंढक?"

"जिंदा दिखाएंगे, सर," मी म्हटलं.

बोलून गेले त्याला कारण होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कुसुम नावाची मुलगी होती, बेटम्याच्या एका गल्लेवाल्याची, म्हणजे धान्याच्या व्यापाऱ्याची. सूक्ष्मदर्शकावर बसली की हाक मारली तरी ऐकू जायचं नाही, इतकी गुंग. आणखीही दोघी-तिघी होत्या तशा. इंदुरात वर्ग निघाले नसते तर त्यांचं शिक्षण बी.एस्सी.ला संपणार होतं, कारण परगावी मुलीला कोण पाठवतो? मला माझ्या वडिलांनी पाठवलं होतं. तेवढ्यासाठी आमच्या नातलगांनी त्यांच्याशी दोन वर्षं धड बोलणं ठेवलं नव्हतं.

आता प्रयोग कसला ते सांगते. बेडकाचं अंडं मोहरीएवढं, वरून काळं, खालून पांढुरकं. एकाचे दोन भाग होतात, दोनाचे चार, चाराचे आठ, मग मोजणं सोडून द्यायचं. काही तासांनी पेशींचा एक पोकळ चेंडू तयार होतो. मग त्या चेंडूच्या कडेला, नख रुतल्याची खूण असावी तशी, एक बारीक चंद्रकोर उमटते. तिच्या वरच्या काठाला आम्ही ओठ म्हणतो. त्या ओठावरून पेशी आत शिरतात, पाठीच्या बाजूनं पसरतात, आणि जाता जाता डोक्यावरच्या थराला निरोप देतात: तुम्ही मेंदू व्हा, तुम्ही मज्जारज्जू व्हा. निरोप पोचला नाही तर त्याच पेशी साधी कातडी होऊन राहतात. कोणी काय व्हायचं हे असं शेजाऱ्याकडून ठरतं.

हे कळलं एका जर्मन प्रयोगशाळेत, माझ्या जन्माच्या सुमारास. त्यांनी हा ओठ एका भ्रूणातून कापून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडे लावला. तर पोटावर दुसरा कणा, दुसरं डोकं! लावलेला तुकडा जेमतेम, बाकी सगळं यजमानाच्या पेशींनी बनवलं, केवळ निरोप मिळाला म्हणून. त्या तुकड्याला नाव पडलं संघटक.

त्या निरोपात काय असतं हे आमच्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं. आता अगदी अलीकडे कळलंय की आम्ही तो उलटा वाचत होतो. वरच्या पेशी म्हणे मुळात मेंदूच व्हायच्या बेतात असतात. शेजारपाजारहून त्यांना सारखं "कातडी व्हा, कातडी व्हा" असं सांगणं चाललेलं असतं, आणि संघटक फक्त ते सांगणं थांबवतो. एका जुन्या विद्यार्थ्यानं घरी येऊन हे समजावलं तेव्हा मी हसत सुटले. इतकी वर्षं इतक्या पोरांना उलटं शिकवलं! पण प्रयोग खरा होता. अर्थ बदलला तरी पोटावरचा कणा होता तिथेच राहिला.

पुस्तकात हा प्रयोग पानभरात संपतो. हातानं करायला गेलं की कळतं. मोहरीएवढ्या ओल्या, मऊ गोळ्यातून तुकडा काढायचा आणि दुसऱ्या गोळ्यात बारीक चीर पाडून, करंजीत सारण भरावं तसा सरकवायचा. सुई काचेची, तीही घरचीच: काचेची काडी स्पिरिटच्या दिव्यावर तापवून झटकन ओढायची, की टोक निघतं. ते मला जमत होतं. अडत होतं दुसऱ्या हत्यारावर. भ्रूण वळवायला, धरायला, सरकवायला केसाचं एक छोटं वेटोळं लागतं, काचेच्या नळीत टोकं खोचून मेणानं बसवलेलं. माझा केस लावून पाहिला, तर तो तारेसारखा ताठ, भ्रूण फुटले. रेशमाचा धागा पाण्यात लोळायला लागला. ज्यांनी हे काम केलं ते सगळे एकच सांगत: तान्ह्या मुलाचा केस हवा.

एका संध्याकाळी अवी मांडीवर झोपला होता. पंख्याच्या वाऱ्यावर त्याचं जावळ भुरभुरत होतं आणि मी टक लावून बघत बसले.

जावळ काढायचं ठरलंच होतं. धारहून माझा भाऊ येणार होता, मामाच्या मांडीवर बसवून केस काढायचे आणि खान नदीत सोडायचे. जीजी तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, "जीजी, अवीच्या जावळातले थोडे केस मला मिळतील?"

"ठेवायला?"

"नाही, कॉलेजात हवेत. बेडकाची अंडी हलवायला."

सुपातला हात थांबला. "माझ्या नातवाचे केस मेंढकाला?"

"मेंढकाला नाही, जीजी. त्याचं हत्यार करायचं आहे."

"बिलकुल नाही. कॉलेजात काय करायचं ते कर, मी कधी बोलले? पण पहिल्या केसांशी मस्ती नाही चालत." आणि सूप उचलून त्या आत निघून गेल्या.

दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं. तिसऱ्या दुपारी अवीला निजवून त्या आपणहून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगा होता. माधव. तुला कोणी सांगितलं नसेल."

कोणीच सांगितलं नव्हतं.

"त्याचं जावळ व्हायचं होतं. एका दिवशी अंगणातून आणला तर मागची एक बट कापलेली. कोणी कापली, कशाला, काही पता नाही. त्याच आठवड्यात ताप आला न् गेला. डॉक्टर म्हणाले आतड्याचा ताप. असेल बी. पण ते केस कुठे गेले, हे मला अजून माहीत नाही, विमल."

मी शास्त्र शिकलेली. केसाचा आणि तापाचा संबंध नसतो हे मला ठाऊक होतं, आणि बहुधा जीजींनाही. पण त्या मला कारण विचारत नव्हत्या. मी म्हटलं, "मग तुम्हीच चला माझ्याबरोबर. केस तुमच्या हातात राहू द्या. मी काम करताना शेजारी बसा, काम झालं की घरी घेऊन या. एकही केस नजरेआड व्हायला नको."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी? कॉलेजात?"

"का नाही?"

जावळाच्या दिवशी न्हाव्यानं वस्तरा काढायच्या आत जीजी पुढे झाल्या, स्वतःच्या हातानं कात्रीनं एक बट कापली आणि चांदीच्या करंड्यात ठेवून झाकण लावलं. बाकीचे केस नदीत गेले.

पुढच्या सोमवारी आमच्या विभागाच्या दाराशी टांगा थांबला. टांग्यातून नऊवारीतल्या जीजी उतरल्या. कडेवर गोटा केलेला अवी, कमरेला करंडा. शुक्लाजी गडबडून बाहेर आले. "माताजी, आप यहां?"

"बैठूंगी," जीजी म्हणाल्या. "बालों की चौकीदारी है."

शुक्लाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. त्यांनी खुर्ची मागवली. अवीला कोपऱ्यात सतरंजीवर निजवलं. मी वेटोळं बनवलं, जीजी नाकाशी येऊन बघत होत्या. मग त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. डोळा लावल्यावर बराच वेळ काही दिसेना, आणि दिसलं तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली.

"हे जिवंत आहे?"

"जिवंत आहे."

"आणि तू ह्याला कापणार?"

"हो."

"दुखत नाही त्याला?"

"दुखायला जे लागतं ते अजून बनलेलंच नाही, जीजी. तेच कसं बनतं ते बघायचं आहे."

त्यांनी पुन्हा डोळा लावला. मग उठून मला जागा दिली. "कर मग."

आमचं सगळं काम दिवसाउजेडी, खिडकीशी. विजेचा दिवा तापतो आणि भ्रूणाला उष्णता सोसत नाही. सकाळी मी आणि कुसुम टांग्यानं हातोदच्या रस्त्याला जायचो. शेताकडेच्या डबक्यांत मातकट, फोडवाल्या बेडकांची अंडी सापडायची, चिकट दोऱ्यात ओवलेली, थेट काळ्या मण्यांची पोत. परत येईपर्यंत भ्रूण वाढू लागलेले असायचे. आमच्या इंदूरच्या हवेत त्यांना फार घाई. चंद्रकोर उमटते आणि बघता बघता तिचं वर्तुळ होतं, मग तो ओठ कामाचा उरत नाही. त्यांना जरा थोपवायला बर्फाच्या कारखान्यातून भुशातला बर्फ आणायचा आणि बशा त्यावर ठेवायच्या. ज्याचा ओठ काढायचा तो भ्रूण आधी सौम्य निळ्या रंगात भिजवायचा, म्हणजे पुढे आपला तुकडा कोणता आणि यजमानाचं काय, हे ओळखता येतं.

सुरुवातीचे सगळे मेले. काही फुटले, काहींवर पांढरी बुरशी आली. मग मी नळाचं पाणी सोडलं, विहिरीचं उकळून घेतलं, बशा, सुया, हात, सगळं पुन्हा पुन्हा धुवायला लागले. कुसुमनं एकदा धुतलेल्या बशीला नुसता पदर लागू दिला तर जीजी तिकडून कडाडल्या, "ए छोरी, वो फिर से धो!" सोवळ्याच्या बाबतीत आमचे दोघींचे नियम पहिल्यांदाच जुळले होते.

भ्रूण जगायला लागले, पण त्यांच्या पोटावर नुसती गाठ यायची. तुकडा चुकीच्या जागेचा घेतला जात होता, केसभर बाजूचा. संध्याकाळी करंडा घेऊन परतताना जीजी कधी "झालं का?" असं विचारत नसत. मी गप्प असले की भाकरी जरा जास्त तुपाची मिळायची, एवढंच.

श्रावण अर्धा सरला असेल. सकाळी बशी बघितली तर एका भ्रूणाच्या पोटावर दोन समांतर वळ्या उठलेल्या, पाठीवर असतात हुबेहूब तशा. दोन दिवसांनी तिथे दुसरं डोकं होतं, लहानसं, पण डोकंच. आतला कणा निळा आणि त्याच्यावरचा मेंदू बिनरंगाचा, म्हणजे यजमानाच्या पेशींनी केलेला. मी उठून कुसुमला जागा दिली. शुक्लाजी धावत आले, बघितलं, आणि त्यांनी चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. मग दचकून जीजींची माफी मागितली.

त्याच आठवड्यात कमिटी आली. दोघं होते. त्यातले एक बंगाली प्रोफेसर, उंच, कमी बोलणारे. ग्रंथालय बघितलं, बरण्या बघितल्या, चेहरा तसाच. मी माझी दोन डोक्यांची पिल्लं दाखवली. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "ऐसे जुड़वां तो प्रकृति में भी मिल जाते हैं."

"निळा कणा बघा, सर," मी हिंदीतून सांगितलं.

"देखा. रंग बाद में भी लग सकता है." स्वरात दोष नव्हता, नुसती शंका. "हम कल सुबह तक हैं. आप हमारे सामने करके दिखाइए."

शुक्लाजींचा चेहरा उतरला. मला मात्र बरं वाटलं, कारण शंका रास्त होती, मीही तीच घेतली असती. टप्पे दाखवायला म्हणून त्या सकाळचे भ्रूण बर्फावर होते, निळेही होते. पण वेटोळं नव्हतं. तो श्रावणी सोमवार, जीजी उपासाच्या, घरीच होत्या आणि करंडा त्यांच्यापाशी.

शुक्लाजींनी कारकुनाला टांगा देऊन पिटाळलं. मी बशीवर वाकून बसले. चंद्रकोर रुंदावत होती. बर्फ वितळत आलेला. दुसरे गृहस्थ घड्याळ काढून बघत होते. कुसुमनं हळूच विचारलं, "बाई, आपका बाल नी चलेगा?" मी नाही म्हणून मान हलवली.

टांगा वाजला. कारकून रिकाम्या हातानं आत आला. "साब, माताजी ने डिबिया मुझे दी ही नहीं," तो म्हणेपर्यंत मागून जीजी आल्याच, अवीला शेजारी सोडून, उपासानं सुकलेल्या. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. करंडा उघडला, वेटोळं माझ्या हातात दिलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

पहिला भ्रूण फुटला. मी श्वास सोडला, हात टेबलावर टेकवले. दुसऱ्यात तुकडा बसला. तिसऱ्यातही बसला. चीर मिटताना बंगाली प्रोफेसर माझ्या खांद्यावरून बघत होते, आणि निघताना त्यांनी बशीवर कागद लावून आपली सही केली, रात्रीत कोणी बदलू नये म्हणून.

सकाळी सगळे बशीभोवती. सही तशीच. आधी प्रोफेसरांनीच डोळा लावला. खूप वेळ. बशी जरा वळवली, पुन्हा बघितलं. अवी सतरंजीवर बडबडत होता. जीजींना राहवेना, त्यांनी मला मराठीत विचारलं, "पास झालीस का ग?"

प्रोफेसरांनी मान वर केली. "माताजी क्या कह रही हैं?"

मी लाजले. "पूछ रही हैं, पास हुए क्या."

ते उठले, जीजींसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "हुए, माताजी. दोनों में." दोन्ही भ्रूणांच्या पोटांवर वळ्या उठल्या होत्या.

एम.एस्सी.चे वर्ग पुढच्या जुलैत सुरू झाले. शोध म्हणून माझ्या नावावर काही नाही. जर्मनीत झालेलं आम्ही इंदूरच्या डबक्यातल्या बेडकावर पुन्हा करून दाखवलं, त्यावर लेख लिहायचा राहिला आणि ती पिल्लंही विभाग नव्या इमारतीत गेला तेव्हा कुठेतरी हरवली. याची रुखरुख आहे. पण त्या काळी आमच्याकडे ज्यांनी हे हातानं केलं त्यांत मी होते, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही.

पहिल्या तुकडीत तीन मुली होत्या, कुसुम त्यातली एक. वर्ग सुरू झाले त्या पावसाळ्यात तिनं स्वतः ओठ बसवला आणि तिच्या भ्रूणाला दुसरा कणा आला. तिचे वडील, ती त्यांना दाजी म्हणायची, माल घेऊन इंदूरला आले होते, तिनं त्यांना ओढतच आणलं. मोठा फेटा, हातात छत्री, चपला दाराबाहेर काढून ते आत आले. देवळात यावं तसे. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं, कुठे डोळा लावायचा ते दाखवलं.

"यो थने बणायो?" हे तू केलंस का, असं त्यांनी विचारलं.

"नी, दाजी. बणायो तो इणने खुद ने. मैंने तो बस तुकड़ो सरकायो." आणि ती त्यांना सांगू लागली, मालवीत, हातांनी दाखवत: चेंडू कसा होतो, चंद्रकोर कुठे उमटते, निरोप कसा जातो. ते मधेच काहीतरी विचारत, ती थांबून पुन्हा सांगे. मी दारात उभी होते. एका ठिकाणी तिचं वाक्य थोडं चुकलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं स्वतःच ते दुरुस्त केलं आणि पुढे गेली.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आत माझ्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच दुसरं कोणी शिकवत होतं.